चौथी आली की बरं वाटायचं

माझी मुलगी पोहण्याच्या स्पर्धेत चौथी आली की मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. पहिल्या तिघी पुढं जायच्या, चौथी घरी यायची. मला घरी येणारी मुलगी हवी होती. शेजारीण म्हणायची, “अवं, बाकीच्या माया पोरगी पयली यावी म्हनून नवस बोलतेत, अन् तू चौथीचे पेढे वाटून राह्यली?” होय, वाटत होते. पेढे माझे, पोरगी माझी, तिच्या पोटात का दुखावं?

पाण्याला एवढं का भिता, असं मला पुष्कळांनी विचारलंय. लोकांना एखादी गोष्ट हवी असते. धाकटा भाऊ बुडाला, मैत्रीण नदीत गेली, असं काहीतरी. माझ्याकडं तसं काहीच नाही. माहेरी कुणी बुडालं नाही, सासरी कुणी बुडालं नाही. माझी भीती बिनकारणाची होती, आणि म्हणूनच तिची समजूत घालता येत नव्हती. कारण असतं तर ते कधीतरी जुनं तरी झालं असतं.

आमचं घर आदिलाबाद गावात आणि शेत शेजारच्या मावला गावाच्या पलीकडं. नवरा कचेरीत कारकून. उन्हाळ्यात कचेरी सुटली की तो पोरीला घेऊन शेतातल्या विहिरीवर जायचा. त्याच्या बापानं त्याला जसं शिकवलं तसंच त्यानं तिला शिकवलं. पाठीवर सुका भोपळा बांधायचा, काठावरून ढकलून द्यायचं, आणि वरून ओरडायचं, “हात मार, हात मार!” याला आमच्याकडं शिकवणं म्हणतात. मी एकच अट घातली. पोरीच्या कमरेला दोर राहील आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात राहील. एक हिसका आला तर ती ठीक आहे, दोन आले तर ओढायचं. नवरा हसला, पण त्यानं अट मानली. माझ्यापुढं बोलून उपयोग नसतो हे त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

विहिरीत सरळ पोहायला जागा कुठली? ती गोल गोल पोहायची. उजव्या अंगाला मोटारीचा पाइप खाली गेलेला, म्हणून ती कायम डावीकडं वळायची. काठावर मीही दोर धरून तशीच गोल फिरायची. घाण्याचा बैल बरा, त्याच्या डोळ्यांना निदान झापडं असतात.

एकदा भोपळा सुटल्यानंतरच्या उन्हाळ्यात तिनं बुडी मारली आणि माझ्या हातातला दोर सैल पडला. मी हलकेच ओढला. तो सहज वर आला. आणखी ओढला, तर पाण्यातून नुसता फास वर आला, ओला, रिकामा. नवरा मोटारीपाशी काहीतरी करत होता, त्याला हाक मारायची होती, पण मी त्या फासाकडंच बघत राहिले. पाणी हिरवं, गच्च, आणि त्यावर एक बुडबुडासुद्धा नाही. तेवढ्यात मधोमध तिचं डोकं वर आलं. एक मूठ तिनं उंच धरली होती आणि मुठीतून काळा गाळ ओघळत होता. “आई, तळ! तळाची माती आनली!” दोर तळापर्यंत पुरत नव्हता म्हणून तिनं पाण्यात गाठ सोडली होती. बाहेर आल्यावर मी तिला दोन धपाटे घातले, मग उराशी धरलं आणि तिच्या मुठीतल्या गाळानं माझं लुगडं खराब झालं म्हणून परत एक घातला.

मला वाटलं, आता नवरा घाबरेल. तो उलट खूश झाला. गावात पोहण्याचा तलाव होता. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं तिला तिथल्या सरांपुढं नेऊन उभं केलं. सर तेलुगू बोलणारे, आमच्याशी हिंदीत बोलायचे. त्यांनी तिला एकदा पोहताना पाहिलं आणि म्हणाले, “दम बहुत है अम्मा, मगर सीधी नहीं जाती. कुएँ की आदत है.” तलावात दोऱ्या बांधून सरळ पट्ट्या पाडलेल्या असतात, प्रत्येकीनं आपल्या पट्टीतून जायचं. माझी मुलगी अर्ध्यावर जाईपर्यंत डावीकडं सरकायची, दोरीला घासायची, दंड खरचटायचा आणि तिची गती जायची. त्यामुळं ती चौथी यायची. तो डावा कल मला देवानं दिलेला प्रसाद वाटायचा. तिला खरचटलेल्या दंडावर हळद लावताना मी मनातल्या मनात हात जोडायची.

रोज तिला तलावावर न्यायचं काम माझ्याकडं होतं. दुसऱ्या कुणावर मी ते सोडलंच नसतं. पण मी तिथं गेले म्हणजे पाण्याकडं पाहिलं असं नाही. मला पाहवत नसे. ती पाण्यात शिरली की माझे कान गच्च व्हायचे, हातापायाला मुंग्या यायच्या. मग मी काठावर काढून ठेवलेल्या तिच्या चपलांकडं पाहत बसायची. निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला. त्यांवर नजर ठेवली की वाटायचं, या इथं आहेत म्हणजे ती येणार, चपला घालायला तरी येणार. मग ओले पाय त्यांत शिरलेले दिसले की मी श्वास सोडायची. माझं रोजचं पाहणं एवढंच होतं.

आणि मग जिल्हा फुटला.

तेलंगणा वेगळा झाला तेव्हा आमच्या घरात फारसं काही हललं नव्हतं. पाट्या बदलल्या, गाड्यांवरची अक्षरं बदलली. पण पुढं एका दसऱ्याला आमच्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. निर्मल निराळा, मंचेरियाल निराळा, आसिफाबाद निराळा. नवऱ्याच्या कचेरीत महिनाभर वाटणी चालली होती. कपाटं कुणाची, खुर्च्या कुणाच्या, माणसं कुणाची. तो घरी येऊन म्हणायचा, “भावाभावात बटवारा व्हते ना, तसंच होऊन राह्यलं. पंखे सुदा मोजून राह्यले.” त्याचा तबादला होईल याची मला भीती होती. ते टळलं. मी देवीला नारळ फोडला आणि म्हटलं, सुटलो.

दसऱ्याचं सोनं द्यायला सर घरी आले. आपट्याची पानं हातावर ठेवली आणि म्हणाले, “अम्मा, मिठाई खिलाओ. आपकी बच्ची जिले में फस्ट आ गई.”

मी म्हटलं, “स्पर्धा कवा झाली?”

स्पर्धा झालीच नव्हती. जुन्या स्पर्धेत माझ्या मुलीच्या पुढं ज्या तिघी होत्या, त्यांतल्या दोघी मंचेरियालच्या आणि एक निर्मलची. त्यांचा जिल्हा आता वेगळा. त्या आपापल्या जिल्ह्याकडून जाणार. उरलेल्या आदिलाबादमध्ये पहिली माझी. दिवाळीनंतर हैदराबादला राज्याची स्पर्धा होती आणि नव्यानं निवड घ्यायला वेळ नव्हता. सरांनी पेढा खाल्ला. मुलगी अंगणात नाचत होती. माझ्या हातातली आपट्याची पानं कधी चुरगळली मला कळलं नाही. सरकारनं नकाशावर रेघ मारली आणि ती रेघ येऊन माझ्या पोरीला मोठ्या पाण्यात ढकलत होती. तिचा बाप तेव्हा विहिरीच्या काठावर होता तसाच आताही हसत होता.

मी नाही म्हणून पाहिलं. रडून पाहिलं. एक दिवस जेवले नाही. शेवटी पोरगी माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, “आई, तू सांग, मले काय व्हते तठी?” बिनकारणाची भीती सांगायची कशी? मी एवढंच म्हटलं की मी सोबत येईन, आणि तिथं कुणी बुडताना दिसलं तर त्याच पावली तुला घरी आणीन, मग पोहणं कायमचं बंद. ती लगेच हो म्हणाली. तिला वाटलं असेल, तलावात कोण बुडतंय.

हैदराबादचा तलाव निराळाच होता. आमच्या गावच्या तलावात दोन्ही टोकांना मोठ्या माणसाचे पाय टेकायचे. इथं काठावर खोलीचे आकडे रंगवले होते आणि तळ दिसत असूनही खूप खाली होता. विहिरीचं हिरवं पाणी निदान काही दाखवत नाही. या निळ्या पाण्यात सगळं दिसत होतं, किती खाली जाता येईल ते सुद्धा. पोरगी मला तिची पट्टी कितवी ते सांगत होती. मी तेव्हा खोलीचे आकडे वाचत होते.

मी वर पायऱ्यांवर बसले. चपला तिनं कुठं काढल्या ते तिथून दिसेना. नजर ठेवायला काहीच नाही. सगळ्या मुलींना एकसारख्या निळ्या टोप्या दिल्या होत्या, डोळ्यांवर काळे चष्मे. माझ्या मुलीला मी तिच्या दोन वेण्यांनी ओळखते, आणि वेण्या टोपीच्या आत. कोणती माझी? मी एकेकीकडं पाहत होते तोवर शिट्टी झाली आणि सगळ्या एकदम पाण्यात.

पांढरा फेस आणि हात, एवढंच दिसत होतं. मग मला कळलं की मला तिला ओळखता येईल. डावीकडं जाईल ती माझी. मी पट्ट्या बघत गेले. बाकीच्या सगळ्या सरळ चालल्या होत्या. एकच मुलगी डावीकडं सरकत होती. सरकली, दोरीला घासली. माझीच ती. मी तिच्यावर डोळे रोवले. तलावात पहिल्यांदाच मी तिला पोहताना पाहत होते आणि त्याच वेळी तिचे हात थांबले. डोकं खाली गेलं, वर आलं, परत खाली गेलं. एका हातानं तिनं दोरी धरली, पण दोरी तिच्या वजनानं पाण्याखाली गेली.

मी पायऱ्या कशा उतरले ते मला आजही सांगता येत नाही. कुणीतरी “अम्मा, रुको” म्हणून दंड धरला, तो मी हिसडला. रिकामा फास डोळ्यांपुढं होता. काठावर पोचले तोवर दोघांनी उड्या टाकून तिला बाहेर काढलं होतं. पायात गोळा आला होता तिच्या. मी खाली बसले, तिला पदरात गुंडाळलं, तिची पोटरी चोळायला लागले आणि तोंडाचा पट्टा सुटला. “म्हनलं होतं ना मी? म्हनलं होतं का नाही? चाल घरी. झालं तुजं पोहनं. आता पान्याचं नाव काढशीन तं याद राख!”

ती थरथरत होती. तिनं चष्मा वर केला, माझ्याकडं पाहिलं आणि बारीक आवाजात विचारलं, “मा अम्मा एदी?”

आमच्याकडं एवढं तेलुगू लेकरालाही कळतं. माझी आई कुठाय, असं ती मला विचारत होती.

मी तिचा पाय चोळतच राहिले. दुसरं काय करणार? तिची आई धावत आली, तिनं मुलीला उचललं आणि माझा ओला पदर माझ्या मांडीवर येऊन पडला. मागं कुणीतरी उभं होतं. पायांत निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला.

“आई, तू इकडं काय करून राह्यली?” ती अजून धापा टाकत होती. “मी तं तिकडं व्हती. भिंतीजवळच्या पट्टीत. सांगतलं व्हतं ना तुले!”

मी म्हटलं, “मले वाटलं ती तू हायेस. ती डावीकडं जाऊन राह्यली व्हती.”

तिनं माझा ओला पदर मांडीवरून उचलून खांद्यावर टाकला. मग जे बोलली ते रागानं नाही बोलली, म्हणून जास्त लागलं. “आई, मी कवाची सरळ पोहून राह्यली. दसऱ्यापासून. सरनं रोज करून घेतलं. तू रोज तं येत होती तलावावर. मंग पाह्यलं काऊन नाही?”

मला रोजच्या त्या संध्याकाळी आठवल्या. मी तिथंच बसलेली असायची, हाकेच्या अंतरावर. तिच्या दंडावर हळद लावायचं कधी बंद झालं तेही मला आठवेना. खरचटणं थांबलं होतं आणि ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. आईसारखी आई असून मी परक्या पोरीला माझी म्हणाले होते, कारण माझी पोरगी कशी पोहते ते मला माहीतच नव्हतं. मला तिथं काठावरच रडू आलं.

माझी अट तिला आठवली असावी. कारण एकीला बुडताना तर मी पाहिलं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, पायाचा अंगठा चपलेत दाबत. दुपारी तिची अजून एक शर्यत होती.

“जाऊ का घरी?” तिनं विचारलं.

मी मान हलवली. नाही.

“मंग भ्याचं असन तं घरी गेल्यावर भे,” ती म्हणाली. “अठी मले पाह्य.”

दुपारी मी आधी पट्टीचा आकडा विचारून घेतला, दोनदा. मग वर जाऊन बसले. शिट्टी झाली. कान गच्च झाले, हातापायाला मुंग्या आल्या. डोळे मिटू नयेत म्हणून मी पायरीची कड धरून ठेवली. ती सरळ गेली. ओळंबा धरल्यासारखी सरळ. दर वेळी तिचं डोकं खाली गेलं की माझं काळीज खाली जायचं आणि ती वर आली की वर यायचं, आणि ते तसंच होत राहिलं शेवटपर्यंत. मंचेरियालच्या दोघी तिच्या पुढं होत्या हे नंतर कळलं, आणखीही होत्या. तिनं भिंतीला हात लावला, टोपी ओढून काढली, दोन ओल्या वेण्या खाली पडल्या आणि तिनं नंबर बघायच्या आधी वर पायऱ्यांकडं पाहिलं. मी तिच्याकडंच बघत होते. चपला कुठं होत्या, मला माहीत नाही.