खंडेनवमीला पुजलेले फोन

हसायचं ते नंतर, आधी ऐका. माझी पहिली नोकरी. ऑफिस ठाण्यात, मी डोंबिवलीहून जायचे, आणि अजून प्रोबेशनवर होते. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते मुंबईचे मोठे साहेब महिनाअखेरीस ठरवणार होते. त्या धास्तीने मी नुसता फोन वाजला तरी दचकायचे. आणि नेमकं काम मिळालं तेही फोनचंच!

इंटरनेटच्या वायरीवर चालणारे फोन तेव्हा अगदी नवलाईचे. प्रत्येकाच्या पोटाखाली कारखान्यातूनच छापून आलेला लांबलचक नंबर. तो कॉम्प्युटरमध्ये भरायचा, त्याला नेटवर्कचा पत्ता द्यायचा, त्या पत्त्याला एक्स्टेन्शन जोडायचं. म्हणजे फोन कुठल्याही टेबलावर न्या, एक्स्टेन्शन त्याच्याबरोबरच जाणार. हे मी सगळ्यांना ऐटीत समजावलेलं.

मग आली खंडेनवमी. एवढी महागडी यंत्रं, पूजा नको? मीच सगळे फोन काढून एका टेबलावर मांडले, पुसले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. पेढा तोंडात टाकला आणि जो फोन हाताला आला तो जवळच्या टेबलावर लावत सुटले. सगळे सारखेच काळे की हो!

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर सेल्सचे फोन गेटवर वाजतायत. माल कधी निघणार म्हणून गिऱ्हाइकं विचारतायत, आणि गेटवरचे म्हात्रेकाका त्यांना सांगतायत, गाडी दिसली की कळवतो. शेवटी काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पोरी, यो फोन माजा नाय. याच्यावर सगली मना साहेब म्हनतान."

आमच्या मॅनेजर प्रधान मॅडम यायच्या आत सगळे फोन जागेवर लावायचे, म्हणून आधी माझ्याच टेबलावरचा, पोटाखालचा नंबर बघायला, उलटा करायला गेले, तर तो वाजला. दचकून उचलला.

"मॅडम, त्या नेटवर्कवाल्या मुलीचं काय करायचं? करू या कायम?"

मोठे साहेब! म्हणजे मॅडमचा फोन माझ्या टेबलावर. आता खरं सांगावं, तर नोकरी गेली. मॅडमसारखं घसा खाकरून 'हुशार आहे, करा' म्हणावं, तर तेवढं धाडस नाही.

"तिला विचारून सांगते," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

सांगा, असं कोणी विचारतं का? पाच मिनिटांत पुन्हा फोन.

"विचारलंत? काय म्हणाली?"

"घाबरलीय, सर. पण हो म्हणतेय."