नऊ मतांनी

आमचा नगरसेवक पहिल्यांदा साडेतीन हजारांनी निवडून आला, दुसऱ्यांदा सहाशेंनी. नव्वदच्या दशकात तो तिसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा त्याचे दिवस भरलेत हे सुरतेजवळच्या भेस्तानमधल्या आमच्या खानदेशी गल्लीत शेंबड्या पोरालाही कळत होतं. दोन्ही वेळा त्याने नळाचं वचन दिलं होतं. बायका अजून रंगाच्या मिलमागच्या बोअरिंगवरून हंडे वाहत होत्या, त्यात माझी आईही.

या वेळी त्याच्याविरुद्ध गल्लीतलाच एकजण उभा राहिला, लूमवर काम करणारा. तो एकच बोलायचा, नळ. आई त्याच्यासाठी घरोघर फिरली, बायकांना तयार केलं. जन्मात पहिल्यांदा तिने स्वतःहून काही मनावर घेतलं होतं, आणि मला त्याचाच राग आला. माझं लूमखातं बंद पडलं होतं, मी घरी बसून तिच्या हातचं खात होतो. नगरसेवकाने त्याच्या ऑफिसात चिकटवतो म्हणून शब्द दिला होता.

मतदानाला मी त्याचा एजंट म्हणून बूथमध्ये बसलो. समोरच्याचा एजंट नव्हताच, त्याची सगळी माणसं पाळीवर. युक्ती माझ्याच डोक्यातली. आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नकार्यात उखाण्यात घेतील, तेही लाजत. परक्या पुरुषाने विचारलं म्हणून सरळ घेणं, छे! गल्लीतली बाई आली की मी हरकत घ्यायचो : ही ती नव्हे, नवऱ्याचं नाव सांगू द्या.

बूथवरचे गुजराती साहेब उकाड्याने वैतागलेले. "बेन, धणीनुं नाम बोलो."

"धनीनं नाव कसं लेऊ, भाऊ?" बाई पदर दातात धरून उभी.

रेशनकार्ड आणा म्हणावं, तर ते पेटीत, पेटीची किल्ली नवऱ्याच्या करदोट्याला आणि नवरा लूमवर. मागून रांग ओरडायची. एकेक बाई मान खाली घालून परत गेली. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. मेंढरं कुठली, असंही मनात म्हणालो.

शेवटी आई आली. नवं लुगडं नेसून आली होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला. साहेबांनी नाव विचारताच तिने माझ्याकडे बोट केलं.

"हाऊ मना पोऱ्या शे. याले इचारा."

साहेब माझ्याकडे वळले. "आ तारी मा छे?"

तिला हो म्हटलं असतं तर आधीच्या सगळ्यांनाही मी ओळखत होतो, हे उघडं पडलं असतं.

"नाही," मी म्हणालो.

आईने बोट खाली घेतलं. बाहेर गेली.

नगरसेवक नऊ मतांनी आला. गुलालात माखलेल्या हाताने त्याने मला पेढा भरवला, सोमवारपासून ऑफिसात ये म्हणाला. पेढ्यांचा एक खोका घेऊन मी घरी आलो. आई भाकरी थापत होती. मी खोका तिच्यापुढे धरला. तिने वर पाहिलं नाही.

"कितला?" तिने विचारलं.

"नऊ."

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"आम्ही चौदा जनी व्हतूत," ती म्हणाली. मग हात धुतले, हंडा उचलला आणि पाण्याला गेली.