खात्री देता येत नाही

मी दोह्यात सात वर्षं आफ्रिका विकली आणि एकदाही आफ्रिका पाहिली नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. ग्राहक समोर बसला की तिथल्या पहाटेच्या थंडीपासून तंबूतल्या गरम पाण्यापर्यंत मी असं काही वर्णन करायचो की समोरचा विचारायचा, "तुम्ही किती वेळा जाऊन आलात?" मी मान हलवायचो. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आमची कंपनी म्हणजे दोन खोल्या, खिडकीत खडखडणारा एसी, एक टेलेक्स मशीन आणि भिंतीवर उन्हाने फिकट पडलेला हत्तींचा कळप. मालक कतारी, महिन्यातून दोनदा यायचे, कॉफी प्यायचे, जायचे. उन्हाळा पेटला की दोह्यातली मोठी घरं केनियाच्या थंड हवेत पाठवायची, तेलकंपनीतल्या इंग्रज इंजिनियरांना सिंह दाखवायचे, हा आमचा धंदा. मी टायपिस्ट. देवरुखजवळच्या गावातून आलो होतो आणि गुरांपलीकडे मोठं जनावर म्हणून मी फक्त रानडुक्कर पाहिलं होतं, तेही पाठमोरं.

मॅनेजर नैरोबीत जन्मलेले गुजराती गृहस्थ. त्यांना सगळे भाई म्हणायचे. आणि तिसरा आमचा उस्ताद. मोम्बासाकडचा, उंच, सावकाश बोलणारा. तिकडे जंगलातल्या कॅम्पवर तो गाडी चालवायचा आणि जनावरं शोधून दाखवायचा. मार्चअखेरपासून तिकडे मोठा पाऊस लागतो, रस्त्यांचा चिखल होतो, कॅम्प बंद पडतो. मग मालक त्याला सहा-सात आठवडे दोह्याला आणायचे. ऑफिसात बसून ग्राहकांशी बोलायला. ज्याने खरोखर सिंह पाहिलाय असा एक तरी माणूस दुकानात नको का! मोम्बासातल्या गुजराती दुकानदारांकडे तो लहानपणापासून कामाला होता, त्यामुळे हिंदी झकास बोलायचा. चपाती मूळची केनियातली, असं त्याचं ठाम मत. यावरून आमची रोज दुपारी भांडणं व्हायची. डब्यातली चपाती मात्र माझी आणि खाणारा तो.

ऑफिसात एकच नियम कडक होता. जनावराची खात्री द्यायची नाही. म्हणे माझ्या आधीच्या क्लार्कने एका इंजिनियरला बिबट्या दिसणारच म्हणून सांगितलं होतं. गडी पाच दिवस धूळ खाऊन आला, बिबट्याचं शेपूटही दिसलं नव्हतं, आणि ऑफिसात येऊन त्याने जो धिंगाणा घातला तो शेजारच्या इस्त्रीवाल्याला वर्षभर पुरला. तेव्हापासून भाईंनी वाक्यं ठरवून दिली. चिन्हं चांगली आहेत. मोसम अनुकूल आहे. परंतु निसर्गापुढे कुणाचं चालत नाही, सबब खात्री देता येत नाही. प्रत्येक पत्राच्या शेवटी हे टाइप करायचं. मी ते इतक्यांदा टाइप केलं की बोटं आपली आपण जायची, डोकं लागायचं नाही.

आता खरी गोष्ट सांगतो.

माझी मुलगी चार महिन्यांची असताना मी आलो. रजा दोन वर्षांनी. पहिल्या रजेवर गेलो तर ती मला बघून आईच्या पदराआड गेली आणि तीन दिवस तिथून बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी माझ्या मांडीवर बसली. पुढे महिन्याभराने मी निघालो तेव्हा शेजारची बाई सांगत होती, पाहुणे कधी जाणार म्हणून पोर विचारत होती. पाहुणे! हा शब्द मी दोह्यात घेऊन आलो आणि तो माझ्या उशाशी राहिला. काम करताना, भाजी चिरताना, मशिदीच्या बांगेने जाग आली की, एकच ध्यास. दोघींना इथे आणायचं.

भाईंनी मालकांकडे शब्द टाकला. मालक म्हणाले, अर्ज करा, इन्शाल्ला होईल. फॅमिली व्हिसाचा अर्ज आत गेला. मी लगेच मदिनत खलीफा वस्तीत एका व्हिलाच्या मागची खोली बघितली. स्वतंत्र दार, छोटं स्वयंपाकघर, अंगणात एक सिद्राचं झाड, म्हणजे आपली बोरच. खोली घेतली. एक लहान लाकडी पलंग घेतला, पोरीच्या मापाचा. उस्तादने तो गाडीवर बांधून आणून दिला आणि पाय हलतोय म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी लावली. त्याला घरी पाच मुलं. पलंग तो बराच वेळ हलवून बघत राहिला.

एप्रिलच्या सुरुवातीला बायकोचं पत्र आलं. ती गावच्या एका संस्थेच्या शाळेत मास्तरीण होती, तात्पुरती. अक्षर असं की फळ्यावर लिहिल्यासारखं. तिने सरळ विचारलं होतं. "शाळेचे लोक म्हणतात, जूनपासून कायम करतो, पण मग मधेच सोडून जायचं नाही. नसेल राहायचं तर एप्रिलअखेर राजीनामा द्या. तेव्हा मी काय करू ते कळवावं. तुम्ही म्हणाल तसं करीन."

आता ह्याला उत्तर काय? एका शब्दाचं. पण मी बसलो आणि पानभर लिहिलं. अर्ज आत गेला आहे, चिन्हं चांगली आहेत, मालक अनुकूल आहेत, खोली हवेशीर आहे, बाजार जवळ आहे. आणि शेवटी लिहिलं, परंतु वरच्यांच्या मर्जीपुढे कुणाचं चालत नाही, सबब खात्री देता येत नाही. तू परिस्थिती पाहून निर्णय घ्यावास.

गंमत बघा, लिहून झाल्यावर मला पत्र आवडलं! कसं समतोल लिहिलंय, उद्या कुणाला नावं ठेवायला जागा नाही. त्या तंद्रीतच पोस्टात टाकलं.

शुक्रवारी सुट्टी. उस्ताद मला कंपनीच्या गाडीतून शहराबाहेर वाळूत घेऊन गेला. त्याला अधूनमधून हे लागायचं. बसून बसून डोळे आंधळे होतात, म्हणायचा. उघडी बोडकी जमीन, वर रणरणतं ऊन, आणि हा खाली वाकून मला दाखवतोय, इथून सरडा गेला, इथे थांबला, इथे त्याने वळून बघितलं. मला वाळूच दिसत होती. थर्मासमधला चहा ओतताना त्याने विचारलं, घरी काय कळवलंस? मी मोठ्या ऐटीत पत्र सांगितलं, शेवटच्या ओळीसकट.

तो हसला नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "अरे, वो तो शेर के लिए है. शेर अपना नहीं है, इसलिए. बीवी तो तुम्हारी है."

मी चिडलो. अहो, चिडलोच! म्हटलं, तुला काय जातंय सांगायला? तिने नोकरी सोडली आणि व्हिसा आला नाही तर? गावात तोंड दाखवायला जागा राहील का तिला? तो म्हणाला, मग तसं लिही. भीती वाटते म्हणून लिही, पण ये म्हणूनही लिही. मी म्हटलं, तू गाडी चालव.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तारऑफिसात गेलो. फॉर्म घेतला, गावचा पत्ता लिहिला. मजकुराच्या जागी तीनच शब्द हवे होते, राजीनामा दे, ये. मागे रांग होती. काउंटरवरचा माणूस यल्ला यल्ला करत होता. मी पेन टेकवलं आणि पुढे हात चालेना. व्हिसा नाहीच आला तर ती आयुष्यभर म्हणेल, तुमच्या तारेवर विसंबले. पत्रावर ती तसं म्हणू शकत नव्हती. पत्रात मी निसटायला फट ठेवली होती ना! फॉर्म घडी करून खिशात घातला आणि ऑफिसात येऊन कुणा इंग्रज जोडप्याच्या पाच दिवसांच्या सहलीचा कार्यक्रम टाइप केला. भ्याडपणा होता तो. सावधगिरीचा शर्ट घातलेला भ्याडपणा. तेव्हा मात्र मी त्याला शहाणपण समजत होतो.

जूनच्या मध्याला व्हिसा आला. भाईंनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि पाठीवर जोरात थाप मारली. मी ताबडतोब तार केली. या वेळी हात कसा झरझर चालला! उत्तर पत्राने आलं, अठरा दिवसांनी. "तुमची खात्री नव्हती, म्हणून राजीनामा दिला नाही. एक तारखेपासून मला कायम केलं आहे. मुलीचं नाव पहिलीत घातलं. आता मधेच सोडून निघाले तर शाळेला फसवल्यासारखं होईल. तुम्ही रागावू नये." शेवटी मुलीने पेन्सिलीने स्वतःचं नाव लिहिलं होतं, एक अक्षर उलटं.

कुणावर रागावणार? उस्ताद तोवर कॅम्पवर परत गेला होता. नाहीतर त्याच्याशी तरी भांडलो असतो.

व्हिसाची मुदत संपली. पुढल्या वर्षी पुन्हा करू म्हणालो, पण पुढल्या वर्षी तेलाचे भाव पडले, लोकांनी सिंह बघणं थांबवलं आणि मालकांनी कंपनी बंद केली. भाई लंडनला मुलाकडे गेले. मला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपरचं काम मिळालं. राहायला एका खोलीत सहाजण. तिथे फॅमिलीचं नावच काढायचं नाही. पलंग शेजारच्या मलबारी कुटुंबाला दिला. असं करत आणखी अकरा वर्षं गेली. दर दोन वर्षांनी मी पाहुणा जात राहिलो. पोर मोठी होत गेली, मांडीवर बसण्याचं वय कधीच सरलं, आणि माझ्याशी बोलताना ती पोस्टमनशी बोलावं तशी नीट, सभ्य बोलायची. तिची आईशी चाललेली बडबड आतून ऐकू यायची, मी आत गेलो की बंद व्हायची.

एकदा रजेवर असताना तिच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी जन्माचा दाखला हवा होता. बायको शाळेत गेली होती. मी तिची ट्रंक उघडली. दाखल्याच्या पाकिटाखाली एक चार घड्यांचा कागद होता. फळ्यावरचं ते अक्षर. माननीय मुख्याध्यापक यांस. पतीकडे परदेशी जात असल्याने सेवेतून मुक्त करावे ही विनंती. खाली सही. पूर्ण, स्पष्ट सही. तारखेची जागा तेवढी कोरी.

ती आली, हातपाय धुतले, चहाचं आधण ठेवलं. मी कागद पुढे धरला. तिने बघितला आणि पदराला हात पुसले.

"कधी लिहिलास हा?"

"तुम्हाला पत्र टाकलं त्याच दिवशी. पत्र टाकून आले आणि लिहून ठेवला. मुलीला तर सांगूनही टाकलं होतं, बाबांकडे जायचंय म्हणून. ती रोज विचारायची, उद्या का?"

"मग?"

"मग तुमचं पत्र आलं," ती म्हणाली. "मी ते चार वेळा वाचलं हो. म्हटलं, एवढं पानभर लिहिलंय, यात कुठेतरी 'ये' असेल."