प्रयागबाईची पांदण

शेजारच्या इंद्रभाननं वावराकडं जाणारी पांदण एका घासात गिळली नाही. दर पेरणीला तो नांगराच्या एका सरीएवढा आत सरकला. होता होता बैलगाडीची वाट पायवाट झाली आणि यंदा तिच्यावरही सोयाबीन उगवलं. पलीकडे प्रयागबाईचं तीन एकर वावर, नवऱ्यामागं एकटीनं कसलेलं.

"नकाशातच पांदण नाही काकू," इंद्रभान म्हणाला. "वावर मलेच देऊन टाक."

माणसानं किती निर्लज्ज असावं!

चौथी शिकलेली प्रयागबाई तालुक्याला गेली. स्टॅम्पवाल्या माणिकचंदच्या दुकानात कोर्ट फी तिकीट घेतलं, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला आणि गावनकाशाची नक्कल मागितली. जमीन मोजणीच्या कचेरीतल्या बाबूनं अर्ज उलटा सरकवला.

"काहून पायजे नकाशा? कारण लिहा."

कारण लिहायचं म्हणजे इंद्रभानचं नाव लिहायचं. आणि इंद्रभान तर ह्याच बाबूच्या टेबलाशी चहा पितो. नाव कळलं की नकाशा गहाळ झालाच म्हणून समजा. नशीब, तिकीट देताना माणिकचंदनं तिला कायदा सांगितला होता.

"कारण सांगावं लागत नाही," ती म्हणाली. "कायद्यातच हाये."

"मंग भेटत नाही."

"भेटत नाही असं लिहून द्या."

बाबूनं अर्ज ठेवून घेतला, पण महिना उलटला तरी उत्तर नाही. तिनं अपील ठोकलं. गावात जो तो खोदून विचारी. तिनं सख्ख्या बहिणीलाही दाद लागू दिली नाही.

वाशीमला सुनावणी झाली. अपील ऐकणारे साहेब गोड बोलणारे निघाले. "मावशी, कारण सांगितलं तर मदत करता येईल." असल्या गोडव्यानंच माणूस फसतो.

"अगोदर नकाशा द्या साहेब. मंग गावभर सांगतो."

साहेबांचा चेहरा उतरला, पण कायद्यापुढे काय करणार? उत्तराची मुदत टळली म्हणून नक्कल फुकट द्यायचा हुकूम झाला.

बाबूनं नक्कल दिली तेव्हा तिनं ती उभ्याउभ्याच उलगडली. गावापासून थेट तिच्या वावरापर्यंत पांदणीची तुटक रेघ होती. तिचे डोळे भरून आले, पण बाबूसमोर रडायचं नाही म्हणून तिनं ओठ दाबून धरले.

कचेरीतल्याच बाकावर बसून तिनं तहसीलदारांना वाट मोकळी करण्याचा अर्ज लिहिला. त्यात इंद्रभानचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं ठसठशीत घातलं. मग तो कागद बाबूच्या नाकासमोर धरला.

"हे घ्या कारण," ती म्हणाली. "जा, आता सांगा त्याले."