बिनगंजाची मोटार

आमच्या गोंदियाच्या कचेरीत कागद म्हणून सहसा निकाली निघत नसे, त्यामुळे किस्सेही निघाले नाहीत; एकावर एक पडत गेले. मी आवक-जावक कारकून. लोकांचे अर्ज आत घ्यायचे आणि ते चुकून बाहेर पडणार नाहीत याची काळजी घ्यायची, यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त होताना कपाट रिकामे करून द्यावे लागले. डोके रिकामे करून द्यावे असा नियम नव्हता. त्यातले सगळ्यात जाड बाड पटलेबाबूंच्या मोटारीचे. चार मित्र जमले की मी त्यातला एखादा कागद काढतो आणि सगळे हसतात. आज पूर्ण बाडच सोडतो. हसायचे की नाही ते तुम्ही बघा.

पटलेबाबू आमचे रेकॉर्डकीपर. राहायला मुर्रीला, कचेरीत यायला सायकल. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षे झाली असतील, तेव्हा वहिनींच्या मणक्याला क्षयाने धरले. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातले, आंघोळ बंद केली आणि बजावले, "हादरा बसता कामा नये." तिकडे कामठ्याला वहिनींची आई कंबर मोडून पडलेली. डोळे त्याआधीच गेलेले. माय तिथे खाटेवर, लेक इथे खाटेवर, मध्ये आठ मैल. दोघींचा एकच धोशा, एकदा भेटायचे.

चार माणसांनी खाट खांद्यावर घेऊन जावे असा तोडगा मी सुचवला. वहिनी पडल्या पडल्या म्हणाल्या, "भाऊजी, खाटेवर मी एकदाच जाईन. थ्या दिवशी तुम्ही खांदा द्याच."

मी पुन्हा तोडगे सुचवले नाहीत.

डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, मोटारीतून न्या. मागे तळावर गादी घाला आणि अगदी हळू. पटलेबाबू गावातल्या एका राइस मिलवाल्या शेठकडे गेले. शेठने सगळे ऐकून घेतले, हळहळ केली, पान दिले आणि म्हणाला, "बाबूजी, गाडी तो आप की ही है. लेकिन मरीज को लिटाएंगे, फिर उसी में दूल्हा कैसे बैठेगा?"

लग्नसराई होती. पटलेबाबू पान न खाता उठले आणि त्यांनी ठरवले, मोटार विकत घ्यायची.

* * *

कारकून मोटार घेतो म्हटल्यावर कचेरीत काय झाले असेल! ज्यांनी सायकलच्या ट्यूबला सात ठिगळे लावली होती तेसुद्धा 'आतल्या बातम्या' देऊ लागले. शेवटी साहेबांनी लेखी खुलासा मागवला: 'मोटार कोणत्या उत्पन्नातून?'

पटलेबाबूंनी लिहिले, 'धानाच्या शेतातली एक बांधी विकून.'

साहेबांनी शेरा मारला, 'कोणत्या कारणास्तव?'

पटलेबाबूंनी लिहिले, 'सासूला भेटण्यास्तव.'

त्यावर साहेबांनी नुसते 'पाहिले' लिहिले. असा जावई साहेबांनीही पाहिला नसावा!

* * *

पारख करायला आम्ही तिघे जायचो: पटलेबाबू, मी आणि आमचा चपराशी कापगते. कापगतेला मोटारीतले ओ का ठो कळत नव्हते. पण त्याचे आजे-पणजे गावोगावचे तलाव बांधणारे. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, चालताना हातातली काठी ठोकत जायचे आणि आवाजावरून सांगायचे, इथे उंदराने पोखरले आहे, इथे खेकड्याने. कापगते मोटारीलाही तसाच काठी ठोकत प्रदक्षिणा घालायचा. टण् वाजले तर पुढे. भद् वाजले तर थांबून म्हणायचा, "इथून पानी जाते."

आणि जायचे!

पहिली मोटार दवनीवाड्याला, एका जुन्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे. मालगुजारी गेली, साहेबांच्या मेजवान्या गेल्या, तेव्हापासून मोटार गोठ्यात. मालकाने विश्वासाने सांगितले, "रस्त्यावर आलीच नाही जी. गंज कुठून येईन?" मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने आमच्याकडे असे पाहिले, जसे आम्ही साहेबांकडे वर्दी न देता शिरलो आहोत. पावसाआधी त्याच मोटारीत बियाण्याचे पोते ठेवले होते म्हणे. पोते कुजले, छप्पर गळले आणि मोटारीच्या तळाला, गंजाच्या भुग्यात, वीतभर हिरवेगार धान उगवले होते.

 कापगतेने काठी खाली केली.

"पऱ्हे चांगले हायेत बाबू. आता रोवून टाका."

* * *

दुसरी मोटार गोंदियातच, एका दलालाकडे. काळीभोर, चकचकीत, तोंड दिसेल इतकी. पटलेबाबूंचे तोंड त्यात पहिल्यांदा हसरे दिसले. कापगतेने काठी ठोकली; आवाज टण् नाही, भद् नाही, काहीतरी मधलाच. कापगते गोंधळला. "असी पाळ मी पाहिली नाही जी."

या वेळी आम्ही गावात मोटारी दुरुस्त करणाऱ्या रहमत मिस्त्रीलाही नेले होते. त्याने पान्याच्या टोकाने दार खरवडले. वरचा रंग निघाला, खाली डांबर. डांबर निघाले, खाली गोणपाट. गोणपाट निघाले, खाली जुने वर्तमानपत्र, खळीने चिकटवलेले. वर्तमानपत्राखाली काहीच नाही. पत्रा केव्हाच विरून गेला होता. दार म्हणून जे होते ते वर्तमानपत्रच!

मिस्त्रीने वाकून मथळा वाचला. जर्मनी, रशिया, आगेकूच.

"बाबूजी, चलिए," तो हात पुसत म्हणाला, "अंदर अभी लड़ाई चल रही है."

* * *

असे वर्ष गेले. आम्ही अकरा मोटारी पाहिल्या असतील. एकीच्या आसनाखालून रस्ता दिसे, एकीच्या छतातून आभाळ. एका मोटारीचे दार पटलेबाबूंनी उघडले ते त्यांच्या हातातच आले, मालक म्हणाला, "राहू द्या, तुमालेच ठेवा." प्रत्येक रविवारी वहिनी खाटेवरून विचारत, "पाहिली?" आणि पटलेबाबू उत्तर देत, "पाहिली." पुढचे दोघांनाही माहीत असे. वहिनींचे मनगट दर महिन्याला बारीक होत होते. बांगडी कोपराकडे सरकायची, मग त्या ती खाली ओढायच्या. सासूबाईंचा निरोप दर बाजाराला येई. आधी 'केव्हा येता' असे, मग 'येता काय' असे.

इतका गंज येतो कुठून, हे मात्र आम्हाला एका गढीवरच्या ड्रायव्हरने समजावून दिले.

हा आधी मालगुजाराच्या बैलांकडे होता. मोटार आली तेव्हा त्याला बढती मिळाली. मोटार लांबून झकास दिसत होती. कापगतेची काठी मडगार्डला लागली आणि आरपार गेली. काठी काढताना मडगार्डही आले.

"काऊन गा," कापगते म्हणाला, "इतकी कसी सडली?"

ड्रायव्हर दुखावला. "सडन कसी? बारा वर्सं झाली, रोज तळ्यात नेऊन धुतो. पयले बैल, मंग हे. खिडकीवरी पान्यात उभी करतो. एक दिवस खाडा नाही!"

पटलेबाबूंचा आवाज कचेरीत कधी कोणी ऐकला नव्हता. त्या दिवशी गढीने ऐकला. "लोखंडाले आंघोळ घालतेस? बारा वर्सं? अक्कल हाय का तुले? म्हणूनच या मुलखात एक मोटार धड नाही! बैल समजून सारे जण मोटार तळ्यात घालून राहिले!"

ड्रायव्हरने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मंग काय पारोशी ठेवू?"

ही हकिगत मी वहिनींना सांगितली आणि पस्तावलो. त्या इतक्या हसल्या की प्लास्टरमध्ये कळ आली, डोळ्यांतून पाणी आले, तरी हसू थांबेना. त्यांना स्वतःला आंघोळ बंद होऊन तेव्हा दीड वर्ष होत आले होते. पटलेबाबू रोज सकाळी ओल्या फडक्याने त्यांचे हातपाय पुसत. त्या दिवसापासून पाण्याची वाटी आणायला जरा उशीर झाला की खाटेवरून आवाज यायचा, "मंग काय पारोशी ठेवता?"

* * *

बिनगंजाची मोटार अखेर सापडली ती तेंदूपत्त्याच्या गोदामात. तेंदूच्या पानांना ओल चालत नाही, म्हणून गोदाम कोरडे ठणठणीत. जुना मालक वारला तेव्हापासून मोटार तिथे फळ्यांवर उभी. पानांचे पुडे तिच्या चारी बाजूंना. कापगतेने काठी ठोकायला सुरुवात केली. टण्. टण्. टण्. तो पूर्ण फेरा मारून आला, पुन्हा उलटा गेला. मग मोटारीखाली शिरून झोपला आणि तळाला खालून ठोकले. बाहेर आला तेव्हा त्याच्या डोक्यात पानांचा चुरा होता.

"पाळ पक्की हाय," तो म्हणाला. 

रहमत मिस्त्रीने बॉनेट उघडले, आत पाहिले आणि हळूच बंद केले, जसे कोणी मयताच्या तोंडावर चादर ओढतो.

"बाबूजी, इंजन नहीं है."

गोदामाचा मुनीम म्हणाला, इंजिन कधीचेच काढून पिठाच्या चक्कीला लावले आहे. आता त्यातले अर्धे झिजले आणि उरलेले गंजले.

मी पटलेबाबूंचा दंड धरला. "चला. इंजिनाशिवाय मोटार घेऊन काय करणार?"

पटलेबाबू दार उघडून तळावर बसले होते. हाताने चाचपत होते, इथे उशी येईल, इथे पाय.

"डॉक्टरनं हळूच न्यायले सांगितलं आहे," ते म्हणाले.

* * *

माघातल्या एका सकाळी आम्ही निघालो. बैलबंडीची दांडी मोटारीच्या पुढच्या बंपरला बांधली होती, जुवाला पटलेबाबूंचेच बैल, टपावर त्यांच्यासाठी तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भारा. मिस्त्रीने कुठूनतरी चार टायर मिळवले होते. तो स्टिअरिंगवर बसून उतारावर ब्रेक लावत होता आणि रस्त्याने "हटो, हटो" ओरडत होता. वहिनी मागे गादीवर. खाली स्प्रिंगा, चाकाला रबर. पाण्यावरून डोंगा जावा तशी मोटार चालली होती. रस्त्यावरचे लोक काम सोडून बघत.

"काऊन गा, पेट्रोल सरलं काय?"

"नाही जी," कापगते बैल हाकत म्हणे, "तणसावर चालते!"

वहिनी खिडकीतून आभाळ बघत होत्या. आठ मैलांत एकदाही कण्हल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "भाऊजी, किती दिवसानं झाडं मांगं जाऊन राहिली."

कामठ्याला दुपारी पोचलो. सासूबाई ओसरीवर खाटेवर, चेहरा रस्त्याकडे. त्यांनी बैलांच्या घंटा ऐकल्या आणि सुरू झाल्या, "काऊन जी जावईबापू! मोटार आणतो म्हणे! बंडीनं आणलं ना माह्या लेकीले? मारून टाकता काय थिले?"

पटलेबाबू मोटारीजवळ गेले. त्यांनी खिडकीतून हात घालून रबरी भोंगा दाबला. पों!

  म्हातारीने मान तिरकी केली, नीट ऐकले आणि म्हणाली, "मोटारच हाय माय. पन मोटारीले धाप काऊन लागून राहिली?"

दोन्ही खाटा शेजारी लावल्या. मायलेकी आठ दिवस हातात हात घेऊन पडून होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. ते आवक-जावकमध्ये नोंदलेले नाही. नवव्या दिवशी तशाच हळूहळू परत आलो.

वहिनी आषाढात गेल्या. खाटेवरून, एकदाच. मी खांदा दिला.

* * *

त्या वर्षीच्या पोळ्याला मी आणि कापगते मुर्रीला गेलो. दुखवट्याचे घर, सणाला माणूस एकटा नको, म्हणून. घराला कडी. मोटार गोठ्याशेजारी कोरड्या छपराखाली विटांवर उभी असायची, वर ताडपत्री. ताडपत्री घडी करून ठेवलेली होती आणि विटांवर काही नव्हते. चाकांच्या खुणा तळ्याकडे गेल्या होत्या.

तळ्यावर गावचे बैल धुऊन झाले होते. पटलेबाबूंची जोडीही शिंगे रंगवून पाळीवर उभी होती. मोटार पाण्यात, खिडक्यांपर्यंत. पटलेबाबू छातीभर पाण्यात उभे राहून, तणसाचा बोळा घेऊन तिचे छत, मग पाठ, मग दाराखालचा कोपरा सावकाश घासत होते. अकरा मोटारी ज्याने गंजापायी नाकारल्या, तो हा माणूस!

कापगतेने काठी टेकली आणि नजर दुसरीकडे वळवली. मला मात्र राहवले नाही. मी पाळीवरून ओरडलो, "पटलेबाबू! अहो, गंज धरेल तिला!"

त्यांनी बोळा पाण्यात बुडवला, पिळला आणि वळून न बघता म्हणाले,

"मंग काय पारोशी ठेवू?"