मिशीवाल्या बाळाची कुंची

सासूबाई कुंच्या शिवायच्या आणि मी त्या फोनवरून विकायची. सुरुवातीच्या त्या दिवसांत आम्हा दोघींना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

आमचं घर तुये गावात. मी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला होते, त्यामुळे खोका कसा भरायचा आणि चिकटपट्टी कशी सरळ मारायची, एवढं मला येत होतं. सासूबाईंना बाळाची कुंची शिवायला येत होती. खणाची कुंची, कडेला जर, मागे लोंबता गोंडा. गावात कुठेही बारसं ठरलं की कापड घेऊन कोणीतरी त्यांच्याकडे यायचंच. एका दुपारी मी सहज चार कुंच्यांचे फोटो काढले आणि एका ऑनलाइन बाजारात टाकले. पहिली ऑर्डर आली ती नागपूरहून. सासूबाईंनी विचारलं, "नागपूर खंयच्या दिशेक?" मी अंदाजाने खिडकीकडे बोट दाखवलं, तर त्यांनी तिकडे तोंड करून चक्क हात जोडले.

मग एका सकाळी ॲपमध्ये लाल अक्षरांत आलं: आरटीओ.

नवरा चहात पाव बुडवत होता. तो पूर्वी पाळी गावच्या खाणींवर खनिजाचा टिपर चालवायचा, आता शाळेची बस चालवतो. आरटीओ म्हटलं की त्याला गाड्या तपासणारे साहेबच आठवतात.

"आरटीओ? कुंचीक आरटीओ कित्याक?"

"मला काय माहीत? त्या पार्सलवर आरटीओ लागलंय असं लिहिलंय."

त्याचा पाव चहातच राहिला. तो उठला आणि बसचा विमा, पासिंग, लायसन सगळं काढून टेबलावर मांडून बसला. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगलेलंय, जरीचा काय तरी लायसन लागता असात." अर्धा तास आम्ही तिघं त्या कागदांभोवती बसलो होतो. शेवटी मी ॲपमधली मदत उघडून वाचली. गिऱ्हाइकाने पार्सल घेतलंच नाही तर ते जिथून निघालं तिथे परत येतं, त्याला हे लोक 'रिटर्न टू ओरिजिन', म्हणजे आरटीओ म्हणतात. नवऱ्याने कागद गोळा केले आणि दुसरा पाव घेतला.

परत आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओ काढायचा असतो. आत भलतंच काही निघालं तर तो पुरावा. हे मी सासूबाईंना सांगितलं आणि तिथेच चुकलं. पार्सल आलं त्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून आल्या. मी फोन धरला. त्या फोनकडे बघून म्हणाल्या, "नमस्कार. ही कुंची मी शिवलंय."

"आई, बोलायचं नाही. फक्त उघडायचं."

"बघणाऱ्याक कळाक नको?"

आतली कुंची जशीच्या तशी होती. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. सासूबाईंनी तरी तिला इस्त्री केली, लांबच्या प्रवासातून आली म्हणून.

पुढची परत आली ती मात्र वापरून आली होती. कारण दिलं होतं 'आवडली नाही', आणि आतल्या बाजूला काजळाचा ठसठशीत डाग. बारसं उरकून घेतलं आणि मग परत केली, दुसरं काय. मी तणतणत तक्रार लिहायला बसले. सासूबाईंनी कुंची नाकाशी धरली. "बाळाचो वास येता गो," म्हणाल्या, आणि ती माझ्याही नाकाशी आणली. दुधाचा, पावडरचा, कोमट वास. तक्रार मी केली आणि ती मंजूरही झाली, पण त्या वासानंतर रागाला काही धार उरली नाही. दिवसभर आम्ही दोघी येता-जाता त्या कुंचीचा वास घेत होतो.

आणि मग तो फोटो आला.

मी भाताला पाणी ठेवत होते. फोन वाजला: परतावा, कारण 'आकार लहान', सोबत एक फोटो. उघडून बघते तर एक भरदार गृहस्थ, पन्नाशीकडे झुकलेले, झुपकेदार मिशी, चेहरा एखाद्या सरकारी ओळखपत्रावर असावा तसा गंभीर. आणि डोक्याच्या अगदी टोकावर आमची खणाची कुंची. बंद हनुवटीपर्यंत पोचत नव्हते म्हणून ते त्यांनी दोन्ही हातांनी खाली ओढून धरले होते. खाली लिहिलं होतं: 'बाळाला होत नाही. कृपया मोठी पाठवावी. रविवारी नाटकाची तालीम आहे.'

मी ओट्याला धरून खाली बसले. हसू इतकं आलं की आवाजच फुटेना. नवरा धावत आला, त्याला वाटलं मला भाजलं. मी फोन पुढे केला. तो बघता बघता माझ्या शेजारी जमिनीवर बसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि म्हणाल्या, "कानाच्या वर रवता. गळ्याकडे चार बोटां वाढवूक होयी."

मी मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीने सांगितलं की बदली वस्तू तीच जाईल, त्याच आकाराची.

"पण ग्राहक मोठे आहेत," मी म्हटलं.

"किती महिन्यांचे, मॅडम?"

मला पुढचं वाक्य सरळ बोलता येईना. "त्यांना मिशी आहे."

पलीकडून खोकला दाबल्यासारखा आवाज आला. मग ती म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला होल्डवर ठेवते." बराच वेळ बासरी वाजली आणि फोन कट झाला. ती मुलगीही कुठेतरी टेबलाखाली हसत बसली असावी, असं मला अजून वाटतं.

मी परताव्याला मंजुरी दिली. नेमका तेव्हा नवऱ्याने ॲपमधला गिऱ्हाइकाचा पत्ता वाचला. "अगे, हो पाळीचो!" म्हणजे आमची कुंची तुयेहून निघून परराज्यातल्या गोदामात मुक्काम करून पाळीला पोचली होती, आणि पाळी आमच्यापासून दुपारच्या जेवणाआधी जाऊन येण्याइतकी जवळ. "हो रस्तो मी डोळे मिटून सांगतंय," नवरा म्हणाला. "रविवारी आपणच न्हेवन दिऊया."

आता माप कुणाच्या डोक्याचं घ्यायचं? नवऱ्याचं डोकं लहान आणि मिशी नाही. आमच्या मागच्या खोलीत कोल्हापूरकडचा एक भाडेकरू राहतो, वसाहतीतच कामाला. धिप्पाड गडी, मिशी फोटोतल्यापेक्षा एक माप जास्तच. सासूबाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि कापड डोक्यावर टाकलं.

"हलू नको रे बाळा."

"काकू, बंद मिशीत अडकतोय."

"मग मिशी वर कर."

त्याने दोन बोटांनी मिशी वर धरली. मी फोन काढला तसा तो गयावया करायला लागला, "वैनी, फोटो नको. गावाकडं कळलं तर ठरल्यालं लगीन मोडंल."

दोन खण जोडून ती कुंची झाली. गोंडा चेंडूएवढा. सासूबाईंनी जरही डबल लावली, मोठ्या बाळाला शोभायला हवी म्हणून.

रविवारी नवऱ्याने मित्राची व्हॅन मागून आणली. भाडेकरूही आला. आपल्या मापाची कुंची कुणाच्या डोक्यावर चढते ते त्याला बघायचं होतं. डिचोलीला भजी-पाव खाल्ले आणि पाळीच्या देवळापाशी पोचलो. मंडपात तालीम सुरू होती. मधोमध लाकडी पाळणा, आणि पाळण्याशेजारी फोटोतले ते गृहस्थ हातात वही धरून उभे. प्राथमिक शाळेत मास्तर आहेत, असं कळलं. प्रत्यक्षातही चेहरा तसाच, जरा जास्तच गंभीर.

"कुंची आणली आहे," मी म्हटलं.

ते गोंधळले. "तुम्ही कंपनीच्या?"

"आम्हीच कंपनी. ह्या कारखाना," मी सासूबाईंकडे हात केला.

मास्तर खजील झाले. "माफ करा हं. फोटोत नुसती कुंची होती, शेजारी काहीच नाही. किती मोठी असेल याचा अंदाज आला नाही. नाटकात मला बाळ व्हायचं आहे. नवस फेडायचा राहिला म्हणून बाळ मोठं होऊन जन्मतं, अशी गोष्ट आहे."

"मिशीसकट?" भाडेकरूने विचारलं.

"मिशी काढणार नाही, हे मी आधीच सांगितलंय."

सासूबाई पुढे झाल्या. मास्तरांना त्यांनी खाली बसायला लावलं, कुंची चढवली, मिशी बाजूला सारून बंद बांधले, गोंडा पाठीवर नीट सोडला. बरोबर बसली. इतकी वर्षं बाळांना कुंच्या घातलेला हात, तो तिथे थांबला नाही. रंगपेटीतलं काजळ दिसलं तसं त्यांनी बोट बुडवलं आणि मास्तरांच्या गालावर तीट लावली. "दृष्ट लागात," म्हणाल्या, अगदी मनापासून.

मास्तरांनी कुंचीतून वर बघितलं आणि तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "मावशी, आता मला रडायचं आहे आणि मला हसू येतंय." मग कुणाचंच कुणाला आवरेना. आई झालेला नट पाळण्याच्या दोरीला लटकून हसत होता, भाडेकरू खांबाला मिठी मारून. सासूबाईंना आधी कळेना काय झालं. मग आपलं काजळाचं बोट दिसलं, आणि त्या पदरात तोंड खुपसून अशा हसल्या की मी त्यांना लग्न झाल्यापासून तसं कधी बघितलं नव्हतं.

नाटक छान झालं असं मास्तरांनी कळवलं. त्या भागातून आणखी दोन नाटकमंडळ्यांनी मोठ्या कुंच्या मागितल्या. मास्तरांचं म्हणणं मला पटलं होतं, म्हणून मी सगळे फोटो नव्याने काढले. मापाचा अंदाज यावा म्हणून प्रत्येक कुंचीशेजारी एक सोललेला नारळ ठेवला. त्यानंतर आकार लहान म्हणून कुणी परत केली नाही. मात्र गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका बाईंनी तक्रार नोंदवली आहे की पार्सलमध्ये नारळ आला नाही.