जेरुसलेमचा नकाशा

बिदरच्या शाळेत मी तारीख शिकवत असे, उर्दूतून. घरी मैलूरला आलो की तोच विषय माझ्यासाठी मराठीत ‘इतिहास’ व्हायचा. अकरा वर्षं मी एकच पुस्तक लिहीत होतो. युरोपातल्या ख्रिस्ती सरदारांनी जेरुसलेमसाठी दोनशे वर्षं जी धर्मयुद्धं केली, त्यांचं पुस्तक. बिदरात बसून हे कशाला, असं सगळे विचारायचे. मी म्हणायचो, मराठीत असं पुस्तक नाही. खरं कारण वेगळं होतं. इथल्या राजांबद्दल काही लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. जेरुसलेम लांब होतं आणि लांबच्यावर लिहायला छाती लागत नाही.

पहाटे उठून शाळेच्या वेळेपर्यंत मी लिहायचो. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर. बायको निंबर्ग्याची, घरी कन्नड आणि मराठी दोन्ही बोलत वाढलेली. भाकरी थापता थापता ती विचारायची, “आज कोण मेलं?” मी सांगायचो. अँटिओकच्या वेढ्यात लोक जनावरांची कातडी उकडून खायलेत, हे मी तिला ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगाचटणी खाता खाता सांगितलेलं आठवतं. ती म्हणाली, “आन् तुमी जेवायलाव.” मला तेव्हा ते गमतीचं वाटलं.

इंग्रजी ग्रंथ मला मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून मिळाले. पण दुसरी बाजू अरबीत होती आणि अरबी मला येत नव्हती. ती आमच्या शाळेतल्या मौलवीसाहेबांना येत होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, बारीक अंगाचे, डोळ्यांना जाड चष्मा. त्यांच्याकडे दमास्कसच्या एका बखरकाराचा ग्रंथ होता, आजोबांपासून आलेला. दर शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, मी जुन्या मदरशाजवळच्या त्यांच्या घरी जायचो. ते ओळीवर बोट ठेवून अर्थ सांगायचे, मी उतरवून घ्यायचो. आतून त्यांच्या बीबी पडद्याआडून चहा सरकवायच्या.

जेरुसलेम पडल्याचं प्रकरण मी मोठ्या झोकात लिहिलं होतं. घोड्यांच्या गुडघ्यांपर्यंत रक्त चढलं, वगैरे. मौलवीसाहेबांना ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

“गुरुजी, ये कौन नापा?”

“ग्रंथात आहे तसं.”

“ग्रंथ लिखनेवाला उधर खडा था क्या? खडा रहता तो रक्त नापता क्या?” मग हळूच म्हणाले, “इत्ता अच्छा नक्को लिखो. पढनेवाले को मजा आरा.”

मला राग आला. दोन शुक्रवार मी गेलो नाही. मग गेलो, कारण पुढची पानं हवी होती.

सत्तेचाळीस उलटलं आणि रस्त्यावर संस्थानाच्या बाजूच्या, गणवेश घातलेल्या टोळ्या फिरू लागल्या. गावागावांतून लोक सोलापूरकडे निघाले. बायकोला आणि मुलीला मी निंबर्ग्याला, तिच्या अण्णाकडे पोचवलं. तिथून संस्थानाची हद्द जवळ होती. “तुमी कामून येत न्हाई?” तिनं विचारलं. मी नोकरीचं कारण सांगितलं. शेवटची तीन प्रकरणं राहिली होती, हे सांगायची लाज वाटली.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात एका सकाळी गणवेशातले चार जण घरात शिरले. एकाच्या खांद्याला बंदूक होती. कागद उपसता उपसता त्यांना माझ्या हातचा जेरुसलेमचा नकाशा सापडला. तट, बुरूज, दरवाजे. बिदरच्या किल्ल्याचा नकाशा काढून सोलापूरला पाठवायला निघालाय, असं त्यांचं ठरलं. मला अंगणात गुडघ्यांवर बसवलं. समोरच्या दुकानदार अप्पांनी दार लावून घेतलेलं मला दिसलं. पण त्याआधी त्यांनी आपल्या गड्याला मागच्या वाटेनं पाठवलं असावं, कारण थोड्याच वेळात मौलवीसाहेब धापा टाकत आले. पायात चप्पलसुद्धा नव्हती.

त्यांनी नकाशा हातात घेतला आणि बंदूकवाल्याला विचारलं, “तू मेरे पास पढा ना? ये बैतुल मुकद्दस का नक्शा है. तेरे कू ये भी नइ सिखाया मैं?” तो मुलगा खाली बघू लागला. मग मौलवीसाहेब माझ्या उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, ही किताब माझं काम आहे, न्यायचं तर मला घेऊन चला. ते चौघे निघून गेले. जाताना एकानं माझ्या पाठीत लाथ घातली, तेवढंच.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली. पाच दिवसांत सगळं संपलं, असं लोक म्हणतात. आमच्याकडे पितृपंधरवड्यात ते सुरू झालं. ज्यांनी वर्षभर मार खाल्ला होता ते बाहेर पडले. ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं तेही त्यांच्यात मिसळले. आणि ज्यांनी मारलं होतं ते आधीच पळाले होते. मागे राहिले ते सापडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मौलवीसाहेब माझ्या दारात आले. बगलेत एक गाठोडं. बीबींना त्यांनी सकाळीच मिशनच्या दवाखान्यात पोचवलं होतं, तिथे फक्त बायकांना घेत होते.

“दो दिन रहने दो, गुरुजी. बंदोबस्त हुआ की चला जाऊंगा.”

मी दारातच उभा होतो. समोर अप्पा दुकानाच्या फळ्या लावायचे थांबले होते. सकाळीच ते मला म्हणाले होते, “गुरुजी, कुणाच्या घरी कोण येतंय ते लोक बघायलेत.” मी मौलवीसाहेबांना आत या म्हटलं नाही. म्हटलं, “मन्नाएखेळ्ळीला तुमच्या बहिणीकडे जा. तिकडं शांत आहे म्हणतात.” असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

ते म्हणाले, “आप बोल रै तो ठीकच होएंगा.” मग गाठोडं सोडून तो अरबी ग्रंथ माझ्या हातात दिला. “रस्ते में पानी आया तो भीगेगा.” आणि ते वळले.

ते बहिणीकडे पोचले नाहीत. दिवाळीनंतर मी मन्नाएखेळ्ळीला गेलो. हमरस्त्यावरच्या दुकानात विचारलं, शेतातल्या माणसांना विचारलं. सगळे म्हणाले, “न्हाई बघितलं.” एक म्हातारा म्हणाला, “कामून इचारायलाव? तुमचे कोन व्हते?” मी म्हणालो, शाळेतले.

मार्गशीर्षात त्यांच्या बीबी आमच्या घरी आल्या. बायको तोवर परतली होती. ओसरीत बसून बीबींनी पडद्याशिवाय, सरळ माझ्याकडे बघून विचारलं, “वो बोलके गये थे, गुरुजी के पास जातूं. आये थे क्या?”

ग्रंथ आतल्या कोनाड्यात, माझ्या कागदांखाली होता.

“नाही,” मी म्हणालो. “आले नाहीत.”

त्यांनी मान हलवली. बायकोनं दिलेलं पाणी प्यायल्या आणि उठल्या. पुढे हैदराबादला भावाकडे गेल्याचं कळलं.

त्या संध्याकाळी बायको कोनाडा झाडायला गेली. मौलवीसाहेबांचा ग्रंथ ती माझ्या वर्णनावरून ओळखत होती, आणि ते तो कधी घराबाहेर देत नाहीत हेही तिला माहीत होतं. तो हातात धरून ती म्हणाली, “तुमी घरात घ्यायचं व्हतं.” त्यानंतर तिनं मला कधी विचारलं नाही, आज कोण मेलं म्हणून.

पुस्तक दोन वर्षांनी सोलापुरात छापून झालं. प्रस्तावनेत मी मौलवीसाहेबांचे आभार मानले होते. प्रकाशक म्हणाले, दिवस बरे नाहीत, एवढा परिच्छेद काढू या. मी लगेच हो म्हटलं. एका परीक्षकानं लिहिलं की लेखकानं अरबी साधनांचा इतका बारीक अभ्यास मराठीत प्रथमच केला आहे. जेरुसलेमच्या पाडावाचं प्रकरण त्यांना विशेष आवडलं होतं. ते मी पहिल्यांदा लिहिलं होतं तसंच ठेवलं होतं.